प्रयोगशाळा आणि बाजार यांच्यामधली विद्या

विद्यापीठात निर्माण झालेले ज्ञान समाजापर्यंत पोचण्याच्या जुन्या वाटा सर्वांच्या परिचयाच्या आहेत: शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी, नियतकालिकांत छापले जाणारे शोधनिबंध आणि ग्रंथ. विसाव्या शतकात त्यांना आणखी एका वाटेची जोड मिळाली, ती म्हणजे प्रयोगशाळेत लागलेल्या शोधावर कायदेशीर हक्क प्रस्थापित करून तो वापरण्याची मुभा एखाद्या उद्योगाला कराराने देणे. या व्यवहाराला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात आणि त्यामागच्या हक्कांना बौद्धिक संपदा. कोणत्या शोधावर कोणता हक्क, केव्हा आणि कोणत्या देशात घ्यायचा, तो कोणाला कोणत्या अटींवर वापरू द्यायचा आणि कोणता शोध जाणूनबुजून मोकळा ठेवायचा, या निर्णयांच्या साखळीला बौद्धिक संपदेची रणनीती असे नाव पडले आहे. ही रणनीती विद्यापीठात पद्धतशीरपणे शिकवता येते आणि शिकवली पाहिजे, हे जगात मान्य व्हायला बराच काळ गेला. भारतात तर हा विषय अजूनही बहुतेक ठिकाणी कायद्याच्या अभ्यासक्रमातील एका प्रश्नपत्रिकेपुरताच उरलेला आहे.

त्या प्रश्नपत्रिकेत जे शिकवले जाते ते आवश्यक आहेच. पेटंट म्हणजे शोध वापरण्याची सरकारी परवानगी, हा सार्वत्रिक गैरसमज तेथे दूर होतो. पेटंट हा इतरांना शोधाच्या वापरापासून रोखण्याचा हक्क असून तो ज्या देशाने दिला त्या देशापुरता आणि ठराविक मुदतीचा, भारतासह बहुतेक देशांत अर्जाच्या दिनांकापासून 20 वर्षांचा असतो; त्याच्या बदल्यात संशोधकाने आपला शोध इतक्या तपशिलाने उघड करायचा असतो की त्या क्षेत्रातील जाणकाराला तो करून पाहता यावा. शोध नवा असला पाहिजे, जाणकाराला सहज सुचणारा नसला पाहिजे आणि उद्योगात वापरता येण्याजोगा असला पाहिजे, या तीन कसोट्याही विद्यार्थी शिकतो. अर्जाच्या अखेरीस येणाऱ्या ज्या क्रमांकित वाक्यांत हक्काची व्याप्ती सांगितलेली असते, त्यांना दावे म्हणतात. दावे म्हणजे या मालमत्तेचा बांध होय, आणि बांध कोठे घालावा यावरच पुढचे बहुतेक तंटे होतात. परंतु सातबारावर नाव चढले म्हणून शेत पिकत नाही, त्याचप्रमाणे पेटंट मिळाले म्हणून शोध वापरात येत नाही, आणि कायद्याची प्रश्नपत्रिका नेमकी या ठिकाणी संपते.

पुढचा भाग शिकवण्यासाठी जगभरच्या अभ्यासवर्गांत जे उदाहरण वारंवार घेतले जाते, ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आहे. या विद्यापीठाने 1950 आणि 60च्या दशकांत आपले शोध बाहेरच्या एका संस्थेमार्फत उद्योगांना देऊ केले होते, पण सुमारे 13 वर्षांत त्यातून 5,000 डॉलरसुद्धा हाती आले नाहीत. 1968मध्ये विद्यापीठात दाखल झालेल्या नील्स रायमर्स यांनी हे काम विद्यापीठानेच, तेही वकिलांऐवजी शोधाची बाजारपेठ शोधणाऱ्या माणसांच्या हाती सोपवून करावे असे सुचवले. प्रायोगिक स्वरूपात चाललेल्या पहिल्याच वर्षात सुमारे 55,000 डॉलर जमा झाले आणि 1970मध्ये तंत्रज्ञान परवान्यांचे स्वतंत्र कार्यालय रीतसर उभे राहिले. मिळकतीतून कार्यालयाचा 15 टक्के वाटा आणि पेटंटचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे संशोधक, त्याचा विभाग आणि त्याची विद्याशाखा यांच्यात तीन समान भाग करण्याचा या कार्यालयाचा नियम पुढे अनेक विद्यापीठांनी कमीअधिक फरकाने उचलला.

या कार्यालयाची खरी परीक्षा 1974मध्ये झाली. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाच्या डीएनएचा तुकडा दुसऱ्या जीवाच्या डीएनएत जोडून तो जिवाणूंच्या शरीरात वाढवण्याची रीत सिद्ध केली होती आणि त्यावरील निबंध नोव्हेंबर 1973मध्ये प्रसिद्धही झाला होता. रायमर्स यांना ही बातमी विद्यापीठातून कळली नाही. ती कळली मे 1974मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधील एका वृत्तावरून. अमेरिकी कायद्याप्रमाणे निबंध प्रसिद्ध झाल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज करता येत असे, म्हणून अनुत्सुक असलेल्या कोहेन यांचे मन वळवून 4 नोव्हेंबर 1974 रोजी, मुदत संपायला जेमतेम आठवडा उरलेला असताना, अर्ज दाखल झाला. युरोपात आणि जपानमध्ये मात्र अशी सवलत नव्हती. निबंध छापला गेला त्या क्षणीच अमेरिकेबाहेरचे हक्क हातचे गेले होते. संशोधकाने लिहावे आधी की अर्ज करावा आधी, हा प्रश्न वर्गात कितीही वेळा समजावून सांगितला तरी त्याची खरी किंमत या एका आठवड्याकडे पाहिल्यावर कळते.

यानंतर जे घडले त्यात रणनीतीचा गाभा आहे. हे तंत्र एका औषधाचे नव्हते. ते साऱ्या जैवतंत्रज्ञान उद्योगाचे मूळ हत्यार ठरणार होते, आणि ते सार्वजनिक पैशातून चाललेल्या संशोधनातून आलेले असल्यामुळे एखाद्या विद्यापीठाने त्यावर मालकी सांगावी की नाही, यावर शास्त्रज्ञांमध्येच मोठा वाद उठला होता. ते एकाच कंपनीला दिले असते तर तिने बाकीच्यांचा रस्ता अडवला असता, आणि शुल्क जबर ठेवले असते तर कंपन्यांनी पेटंटलाच न्यायालयात आव्हान दिले असते. म्हणून विद्यापीठाने परवाना मागेल त्याला देण्याचे ठरवले, सुरुवातीचे शुल्क 10,000 डॉलर आणि वार्षिक किमान शुल्कही 10,000 डॉलर ठेवले, अंतिम उत्पादनावरील स्वामित्वधन, म्हणजे विक्रीच्या प्रमाणात द्यायचा हिस्सा, अगदी अल्प ठेवला आणि 15 डिसेंबर 1981पर्यंत सही करणाऱ्यांना खास सवलत जाहीर केली. त्या तारखेपर्यंत 73 कंपन्यांनी सह्या केल्या, कारण भांडण्यापेक्षा पैसे भरणे त्यांना स्वस्त पडत होते. 1980मध्ये मंजूर झालेल्या आणि 1997मध्ये संपलेल्या या हक्कांवर एकूण 468 परवाने दिले गेले आणि दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे 25 कोटी 50 लाख डॉलर मिळाले. कायद्याच्या पुस्तकात या निर्णयांपैकी एकही सापडत नाही. शुल्क किती ठेवले असता समोरचा न्यायालयात न जाता सही करील, हा हिशेब अर्थशास्त्र, मानवी स्वभाव आणि त्या उद्योगाची जाण यांच्या संगमावर होतो.

जवळपास त्याच काळात ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. केंब्रिज येथे काम करणारे सेझार मिलस्टाइन आणि गेऑर्ग क्योलर यांनी 1975मध्ये एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी बनवण्याची रीत प्रसिद्ध केली, जिच्यावर पुढे रोगनिदानाचा आणि औषधनिर्मितीचा फार मोठा व्यवसाय उभा राहिला. तिचे पेटंट घ्यावे असे त्या वेळच्या सरकारी यंत्रणेला वाटले नाही. काही वर्षांनी अमेरिकेतील एका संशोधनसंस्थेने मात्र त्या रीतीच्या विशिष्ट उपयोगांवर पेटंटे मिळवली, आणि ही चुकलेली संधी ब्रिटनमध्ये दीर्घकाळ सलत राहिली. तरीही या उदाहरणाचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे, कारण रीत मोकळी राहिल्यामुळेच ती जगातील प्रयोगशाळांत झपाट्याने पसरली, असेही म्हणता येते. चांगला शिक्षक या ठिकाणी उत्तर न देता थांबतो.

हक्क हाती असूनही शहाणपण असतेच असे नाही, हे दाखवणारे उदाहरण याहून जुने आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी स्टीनबॉक यांनी 1920च्या दशकात असे दाखवून दिले की अन्नपदार्थांवर अतिनील किरण सोडले असता त्यांत ड जीवनसत्त्व वाढते आणि मुलांना होणारा मुडदूस टाळता येतो. या शोधाच्या व्यवस्थापनासाठी 1925मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले, मिळालेला पैसा पुन्हा संशोधनाकडे वळवण्याची चाकोरी त्याने घालून दिली, आणि पुढे त्याच विद्यापीठातील संशोधनातून निघालेल्या वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या नावात प्रतिष्ठानाची आद्याक्षरे कायमची राहून गेली. पण विस्कॉन्सिन हा दुधालोण्याचा प्रांत असल्यामुळे लोण्याला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मार्गारिनच्या उत्पादकांना हा परवाना नाकारण्यात आला होता. मार्गारिन खाणारे लोक गरीब होते, म्हणजे मुडदुसाचा धोका ज्यांच्या मुलांना अधिक त्यांनाच हा लाभ मिळत नव्हता, यावर 1940च्या दशकात अमेरिकी न्यायालयाने बोट ठेवले आणि ती पेटंटेही अखेर रद्द ठरली. परवाना कोणाला द्यायचा याइतकाच तो कोणाला नाकारायचा हा निर्णय नैतिक असतो, ही गोष्ट या विषयाच्या जन्माबरोबरच आलेली आहे.

अमेरिकेत हा सारा व्यवहार विद्यापीठांच्या दैनंदिन कामाचा भाग झाला तो 12 डिसेंबर 1980 रोजी संमत झालेल्या बे–डोल कायद्यामुळे. बर्च बे आणि रॉबर्ट डोल या परस्परविरोधी पक्षांच्या दोन सिनेटरांनी आणलेल्या या कायद्यापूर्वी सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी सर्वसाधारणपणे सरकारकडे जात असे. सरकारजवळ सुमारे 28,000 पेटंटे साठली होती आणि त्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी उद्योगांच्या वापरात होती. कायद्याने ही मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. जर्मनीमध्ये प्राध्यापकाचा शोध प्राध्यापकाचाच, अशी परंपरा होती, ती 2002मध्ये संपुष्टात आणून मालकी विद्यापीठांकडे देण्यात आली. स्वीडनने मात्र ती आजही राखलेली आहे. भारतात अमेरिकी धर्तीचे विधेयक डिसेंबर 2008मध्ये राज्यसभेत मांडले गेले, त्यावर टीका झाली, ते संमत झाले नाही आणि 2014मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे येथे शोधाची मालकी मुख्यतः नोकरीचा करार, अनुदान देणाऱ्याच्या अटी आणि प्रत्येक संस्थेचे स्वतःचे धोरण यांवरून ठरते.

करारातील शब्दांना या विषयात किती वजन असते, हे 2011 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या स्टॅनफर्ड विरुद्ध रोश या खटल्याने दाखवून दिले. एचआयव्हीच्या विषाणूंचे रक्तातील प्रमाण मोजण्याच्या पद्धतीविषयीचा हा वाद होता. विद्यापीठातील एका संशोधकाने नोकरीत रुजू होताना ‘शोधाचे हक्क विद्यापीठाला देण्याचे मान्य करतो’ अशा अर्थाच्या कागदावर सही केली होती. पुढे एक तंत्र शिकण्यासाठी तो एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत गेला, तेव्हा प्रवेशापूर्वी त्याने ज्या कागदावर सही केली त्यात ‘हक्क याद्वारे देत आहे’ अशा अर्थाचे शब्द होते. पहिले वाक्य भविष्यातील वचन ठरले आणि दुसरे तत्क्षणी झालेले दान, त्यामुळे आधीची सही मागे पडली आणि नंतरची वरचढ ठरली. सार्वजनिक अनुदानामुळे मालकी आपोआप विद्यापीठाकडे येते, हा स्टॅनफर्डचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. मराठी व्याकरणात काळ शिकवताना ‘देईन’ आणि ‘दिले’ यांतला भेद सांगितला जातो, पण तो कोट्यवधी डॉलरांचा असू शकतो, याची कल्पना व्याकरणाच्या शिक्षकाला सहसा नसते.

अशी जाण देणारे शिक्षण जगात वेगवेगळ्या घडणीत उभे राहिले. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे 1960च्या दशकात स्थापन झालेल्या केंद्राने अभियंते आणि कायदेपंडित यांना एकत्र बसवून पेटंट शिकवायला सुरुवात केली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात 1973मध्ये सुरू झालेले फ्रँकलिन पियर्स विधी केंद्र हे रॉबर्ट राइन्स या विलक्षण गृहस्थांचे अपत्य होते; ते संशोधक, पेटंट वकील आणि संगीतकार होते आणि स्कॉटलंडमधील लॉक नेस सरोवरातील कथित प्राण्याच्या शोधातही त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. म्युनिकमध्ये 2003मध्ये माक्स प्लांक संस्था आणि तीन विद्यापीठे यांनी मिळून पदव्युत्तर केंद्र उघडले. सर्वांत वेगळा प्रयोग स्वीडनमधील योटेबोर्ग शहराचा म्हणावा लागेल. तेथील चाल्मर्स या तंत्रविद्यापीठाने 1997मध्ये उद्योजकतेची शाळा काढली आणि योटेबोर्ग विद्यापीठाच्या साथीने बौद्धिक संपदेचे केंद्र उभारले. या अभ्यासक्रमांत अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि कायदा यांच्या विद्यार्थ्यांचे मिश्र गट खऱ्याखुऱ्या संशोधनावर काम करतात आणि त्यातून प्रत्यक्ष कंपन्या जन्माला येतात. स्वीडनमध्ये शोध प्राध्यापकाच्याच मालकीचा असल्याने विद्यार्थ्यांना त्याच्याशी आधी विश्वासाचे नाते जोडावे लागते, म्हणजे देशाचा कायदाच येथे अध्यापनाची पद्धत ठरवतो.

अशा शिक्षणात विद्यार्थी नेमके काय करतो, हे सांगितल्यावाचून विषय हवेत राहील. संशोधक शोधाची माहिती ज्या अर्जावर कार्यालयाला कळवतो, त्याला शोध-निवेदन म्हणतात. ते वाचून शोध कोणता, संशोधक कोण कोण आणि पैसा कोणाचा हे विद्यार्थी वेगळे काढतो. नंतर तो पूर्वज्ञान धुंडाळतो, म्हणजे जगात कोठेही आधी छापलेले, नोंदलेले किंवा वापरलेले काही या शोधाच्या आड येते का ते पाहतो, आणि येथेच निम्म्याहून अधिक उत्साह ओसरतो. पुढे शोध किती पक्व आहे हे ठरवावे लागते. त्यासाठी अमेरिकी अंतराळ संस्था नासाने घडवलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी सर्रास वापरली जाते, जिच्या पहिल्या पायरीवर केवळ मूलतत्त्व असते आणि नवव्या पायरीवर प्रत्यक्ष कामगिरीत सिद्ध झालेली यंत्रणा. विद्यापीठाचे शोध बहुधा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर अडतात, कारण त्यापुढच्या चाचण्यांना संशोधनाचे अनुदान मिळत नाही आणि उद्योगाला त्या फार लवकरच्या वाटतात. या मधल्या अंतराला पैसा आणि माणसे कोठून आणायची, हा हस्तांतरणातला सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पेटंट कार्यालयाकडे नाही. शेवटी परवान्याचा मसुदा येतो: एकालाच द्यायचा की अनेकांना, कोणत्या उपयोगापुरता, कोणत्या प्रदेशापुरता, कंपनीने ठराविक मुदतीत काम पुढे नेले नाही तर परत कसा घ्यायचा. या शेवटच्या कलमाकडे नवशिके दुर्लक्ष करतात, आणि शोध कपाटात बंद करून ठेवण्यासाठीच परवाना घेणाऱ्या कंपनीचे त्यामुळे फावते.

विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला धडा दिल्याचेही उदाहरण आहे. येल विद्यापीठाने स्टॅव्ह्युडिन या एचआयव्हीवरील औषधाचा परवाना एका मोठ्या औषध कंपनीला दिलेला होता. 2001मध्ये दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने स्वस्त प्रत वापरू देण्याची मागणी केली, तेव्हा हा निर्णय आपल्या हाती उरलेला नाही, असे विद्यापीठाचे म्हणणे पडले. विद्यार्थ्यांनी आणि औषधाशी संबंधित संशोधकानेही आवाज उठवला, आणि काही आठवड्यांतच कंपनीने दक्षिण आफ्रिकेत हा हक्क न बजावण्याचे जाहीर केले. गरीब देशांतील वापराची तरतूद करार करतानाच लिहून ठेवावी, ही मागणी त्यानंतर अनेक विद्यापीठांत मूळ धरू लागली आणि आज ती अध्यापनाचाही भाग आहे.

या तरतुदीचे फळ पुण्यातल्या वाचकाला फार दूर शोधावे लागत नाही. आफ्रिकेच्या सहारालगतच्या पट्ट्यात मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या अ गटाच्या मेनिंजायटिसच्या साथी वारंवार येत, आणि त्यावरची लस एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत मिळाली तरच ती परवडेल, असे तेथील अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते. मोठ्या कंपन्यांशी बोलणी फिसकटल्यावर जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थांच्या संयुक्त प्रकल्पाने वेगळीच जुळणी केली: जिवाणूच्या आवरणातील शर्करेची साखळी प्रथिनाला जोडण्याची रीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून परवान्याने घेतली, शर्करेचा कच्चा माल नेदरलँड्समधील कंपनीकडून मिळवला आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले. डिसेंबर 2010मध्ये बुर्किना फासो देशात ही लस मोठ्या प्रमाणावर टोचली जाऊ लागली. या साऱ्या व्यवहारात परवान्याचा कागद हा लहान भाग होता. पुण्यातील शास्त्रज्ञांनी ती रीत मूळ प्रयोगशाळेकडून हाताने करून शिकून घेतली, हा मोठा. कागदावर न उतरणाऱ्या अशा ज्ञानाला मुरलेले किंवा अंगवळणी पडलेले ज्ञान म्हणता येईल; स्वयंपाकाची कृती वाचून पुरणपोळी लाटता येत नाही, तसेच पेटंट वाचून लस बनवता येत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या कोविड लशीचे उत्पादनही 2020मध्ये ॲस्ट्राझेनेकामार्फत याच संस्थेकडे आले, आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी 100 कोटी मात्रांचा करार झाला, त्यामागे ही जुनी शिदोरी होती.

भारतातील विद्यापीठीय जाणिवेची सुरुवात मात्र बचावातून झाली. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995मध्ये मिळालेले पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन 1997मध्ये रद्द करवून घेतले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक असलेले रघुनाथ माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहून आले होते, आणि शोधनिबंधाबरोबर पेटंटाचाही आग्रह धरण्याची त्यांची भूमिका महाराष्ट्राला चांगलीच परिचित आहे. त्याच प्रयोगशाळेच्या आवारात 2007मध्ये व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना आधार देणारे केंद्र सुरू झाले. हळदीच्या लढ्याने देश जागा झाला हे खरे, परंतु त्यामुळे पेटंट म्हणजे राष्ट्राभिमानाचे प्रतीक, अशी एक भावनाही रुजली, आणि तिचे पडसाद आजच्या आकडेमोडीत दिसतात. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात आणि राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटांची संख्या धरली जाते. पेटंट नियमांच्या 2021च्या दुरुस्तीने शिक्षणसंस्थांना शुल्कात 80 टक्के सवलत मिळाल्यावर ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क 1,600 रुपयांवर आले. सवलत योग्यच आहे. मात्र अर्ज स्वस्त, संख्येला गुण आणि परवान्याला जवळजवळ शून्य गुण, अशी मांडणी केल्यावर अर्जांचे पीक येणार आणि करारांची वानवा राहणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. भारतीय कायद्यात निबंध आधी छापून मग अर्ज करण्याला अमेरिकेसारखी सरसकट सवलत नाही. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासारख्या मोजक्या प्रसंगांत तेवढी 12 महिन्यांची मुभा आहे. संशोधन विद्यार्थ्याला प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची घाई असते, पण अपूर्ण अवस्थेतही तात्पुरता अर्ज करून दिनांक राखता येतो आणि पूर्ण तपशिलासाठी 12 महिने मिळतात, ही साधी गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. ही माहिती अर्ध्या तासात देता येते. त्यासाठी पदवी लागत नाही, पण प्रत्येक विज्ञानविभागात ती देणारा एक माणूस लागतो.

असा माणूस घडवण्याची साधने देशात अगदीच नाहीत असे नाही. खरगपूरच्या आयआयटीत 2006पासून बौद्धिक संपदा कायद्याची शाळा आहे, आणि पेटंट व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरातच आहे. पेटंट एजंट म्हणून काम करण्यासाठी विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असणे कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा रसायनशास्त्राच्या किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराला हे क्षेत्र वकिलाइतकेच, किंबहुना अधिक खुले आहे. परंतु एजंट अर्ज लिहितो; अर्ज लिहावा की नाही आणि लिहिल्यावर कोणाच्या दारी जावे, हे सांगणारा हस्तांतरण अधिकारी वेगळा असतो, आणि तो घडतो चालू असलेल्या कार्यालयात उमेदवारी करून. पुढील काळात अभ्यासक्रम वाढतील, ते वर्गखोलीत वाढतात की अशा कार्यालयांभोवती, यावर बरेच अवलंबून राहील.

महाराष्ट्रात या विद्येची एक देशी शाखा मात्र कोणी तिला हे नाव देण्याआधीपासून चालत आलेली आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांनी आपले वाण आणि शिफारशी विस्तारकार्याच्या मार्गाने, परवान्यावाचून, शेतकऱ्यांपर्यंत पोचवल्या. राहुरीने दिलेले भगवा हे डाळिंब गुटी कलमांवाटे बागेतून बागेत गेले. 2001च्या वाणसंरक्षण कायद्यानेही संरक्षित वाणाचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि छापील नाममुद्रेशिवाय विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क अबाधित ठेवला. संकरित वाणाची गोष्ट निराळी: त्याचे बियाणे जनक वाणांच्या संकरातून दर हंगामाला नव्याने तयार करावे लागते, म्हणून जनक वाण ज्याच्या हाती त्याच्याशी करार केल्याखेरीज उत्पादक कंपनीचे चालत नाही. परवाना कोठे लागू पडतो आणि कोठे तो केवळ कागद ठरतो, हे येथे वकिलाने काही म्हणण्याआधीच पिकाच्या प्रजननपद्धतीने ठरवून टाकलेले असते.